अळणी पेज

मीठ न घातलेली पेज कधी प्यायलात का रे तुम्ही? नाही ना? मग ऐका.

एका नगरात सगळं मीठ राजाचं होतं. आणि त्या मिठाचं नवल असं, बरं का, की ते खाल्लं की राजाविरुद्ध जीभच वळायची नाही. सगळे ते खायचे, म्हणून सगळे गप्प. न्यायाधीश विसाजीपंत तेवढे चाळीस वर्षं अळणी जेवत आले होते. त्यांची लेक सगुणा रोज त्यांना अळणी पेज वाढायची आणि पदराने डोळे टिपायची.

एकदा काय झालं, राजाच्या मेव्हण्याने भागाई कुंभारणीची मडक्यांसाठी माती खणायची जागा बळकावली. त्याला तिथे तबेला बांधायचा होता. भागाईला तोंडाने बोलता येईना. तिने नुसतं एक फुटकं मडकं न्यायासनापुढे आणून ठेवलं. पंतांना कळायचं ते कळलं.

मग राजाने पंतांकडे मिठाचं पोतं पाठवलं. पंतांनी ते परत केलं. मग त्यांना मेजवानीला बोलावलं. पंत एक केळं खाऊन आले. मग पंतांना ताप भरला, अन्न जाईना. तेव्हा राणीने सगुणेला बोलावून हातात पुडी ठेवली. म्हणाली, "बाप आजारी आहे गं तुझा. चिमूटभराने काय होतंय?"

सगुणेचं काळीज लेकीचं. तिने चिमूट टाकली. पंतांनी वाटीभर पेज घेतली आणि कधी नव्हे ती आणखी मागितली. सगुणेला केवढा आनंद झाला.

मग निवाड्याचा दिवस आला. "ही जागा..." पंत म्हणाले, आणि जीभ अडली. तीनदा अडली. त्यांनी सगुणेकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"मी मीठ खाल्लंय," पंत सगळ्यांना म्हणाले. "आता मला इथे बसता यायचं नाही."

पगडी आसनावर ठेवून ते खाली उतरले. राजाने तिथे मेव्हण्यालाच बसवलं. भागाईने मडक्याचे तुकडे ओटीत गोळा केले.

वाटेत सगुणा रडत होती. पंतांनी तिचा हात धरला. म्हणाले, "पेज फार गोड झाली होती हो, बाळ."

भागाईची जागा गेली ती गेलीच. मिटा आता डोळे. पांघरूण घ्या नीट.

निवाड्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नगरात एकाही घरच्या पेजेत मीठ पडलं नाही.