उचललेली सुई

देवाचे नाव घेणाऱ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा काय?

वेणूताई दाबके यांना दिवंगत पतीच्या गाण्याची एकुलती एक तबकडी ऐकायची होती. इंटरनेटवर जुना ग्रामोफोन विकणाऱ्या भालचंद्र सबनिसांनी व्हिडिओ कॉलवर अभंग वाजवून दाखवला आणि बजावले, “बाई, मी नित्य पूजा करणारा माणूस. शंका कसली घेता? आधी पैसे पाठवा!”

“पाठवते. सुई तेवढी उचलून दाखवा.”

सबनिसांनी तोऱ्यात सुई उचलली. अभंग चालूच राहिला.

“सुई तर वर आहे, सबनीस. मग गातो कोण, तुमच्या खिशातला मोबाइल?”

सबनिसांच्या मागे जप करीत बसलेल्या त्यांच्या वृद्ध आईने लाजेने मान खाली घातली. त्या दिवसापासून घरच्या देवांची पूजा तिने मुलाच्या हातून काढून घेतली.