लव्हाळ्यातला पहारेकरी

एकदा एक गृहस्थ आपल्याला वैराग्य प्राप्त झाल्याचे सांगत अच्युतबुवांच्या मठात दाखल झाला. नाव त्र्यंबक. घरी पत्नी सगुणा आणि पाच महिन्यांची मुलगी. मुलगी फार रडे, आणि ती रडू लागली की त्र्यंबकाचे ध्यान मोडे. वैराग्याचे कारण एवढेच. पण बुवांना त्याने ते बरेच संस्कृत घालून सांगितले.

बुवा म्हणाले, "राहा. साधनेला जागा तुझी तू निवड."

मठामागच्या तळ्यात त्र्यंबकाने लव्हाळ्यातला निवांत कोपरा निवडला. सकाळी तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला, डोळे मिटले, आणि पहिला ॐकार पुरा होण्याआधीच मांडीवर दाणकन धडक बसली. दुसऱ्या दिवशी धडकेसोबत पोटरीला चावा. तिसऱ्या दिवशी तो काठी घेऊन उतरला, आणि काही क्षणांतच हा मुमुक्षू एका हाताने पायाचा अंगठा व दुसऱ्याने धोतर सावरीत, बोंबलत काठावर आला.

संतापून त्याने कोंडिबा भोयाला गळ घेऊन बोलावले. "काढ या राक्षस माशाला! साधनेत विघ्न आणतो."

कोंडिबा गळ टाकणार, तोच बुवा आले. त्यांनी त्याला थांबवले, आणि स्वतः चिखलात गुडघे टेकून त्या माशाला नमस्कार केला.

"महाराज! चावला तो मला, आणि नमस्कार त्याला?"

"कोंडिबा, दाखव याला."

कोंडिबाने लव्हाळे अलगद बाजूला सारले. आत गवत दाबून केलेली गोल मोकळी जागा होती. तिथे पाण्यावर बारीक पिवळी अंडी तरंगत होती, आणि त्यांच्याखाली एक काळा मासा स्थिर उभा होता.

"मरळ हाय. ह्यो नर," कोंडिबा म्हणाला. "मादीनं अंडी घातली की ह्यो राखण करतो. दोन-तीन दिसांत पिल्लं निघत्यात, तरी महिनाभर त्यांच्यासंगं फिरतो. ह्याला उचलला, तर बाकीचं मासं घटकाभरात समदी अंडी साफ करतील."

बुवा उठले. "त्र्यंबका, तीन दिवस तू याच्या घरात उभा होतास. तुझ्यासारख्या धिप्पाड देहावर हा एकटा धावून आला. पळायला सारे तळे मोकळे होते, पण हा जागचा हलला नाही. याहून एकाग्र साधक माझ्या मठात तरी नाही." मग त्यांनी विचारले, "कोंडिबा, अंडी किती असतील रे?"

"असतील की दोन-तीन हजार."

बुवा शिष्याकडे वळले. "आणि तुझी लेकरं किती?"

त्र्यंबकाची मान खाली गेली. "एकच, महाराज."

त्याच दिवशी तो लंगडत घरी पोचला. सगुणा दारातच होती.

"काय हो, लागली का समाधी?"

"लागत होती. एक लेकुरवाळा आडवा आला."

आत मुलीने भोकाड पसरले. त्र्यंबकाने हातपाय धुऊन तिला उचलले. ती दुप्पट आवाजात रडू लागली.

"द्या इकडे," सगुणा म्हणाली.

"राहू दे," मुलीला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालीत तो म्हणाला. "तू आधी सावकाश जेवून घे."