शूशानचं तोनीर

कुणीतरी दुरून बोट दाखवलं आणि म्हणालं, "ह्यांना तिथं टाका."

टाका! जशी काही ती माणसं नव्हतीच, वाळत घातलेली कांबळी होती. ऊन सरकलं की उचलायची आणि दुसरीकडे टाकायची. ज्यानं कुणी हे म्हटलं, त्यानं त्या माळावर कधी पाय ठेवला नाही. त्याचं नाव आज कुणालाच आठवत नाही. पण ज्यांना टाकलं, त्यांच्यातल्या एका बाईचं नाव तिथल्या पोराबाळांच्या तोंडी अजून आहे. ही तिची गोष्ट.

एक मोठं युद्ध सरलं होतं. मोठी माणसं तहाच्या मेजाशी बसली होती आणि तिकडे डोंगरातल्या गावांची राख वाऱ्यावर उडत होती. त्या डोंगरांतून दोन समाजांची माणसं जीव घेऊन खाली उतरली. एक आर्मेनियन, दुसरे असिरियन. भाषा वेगळी, प्रार्थना वेगळी, पायाचे फोड मात्र सारखेच. या छावणीतून त्या छावणीत, तिथून बंदरावर, बंदरावरून पुन्हा छावणीत, असं करत करत शेवटी त्यांना दोन नद्यांच्या मधल्या एका उजाड माळावर आणून उतरवलं. सरकारी साहेब म्हणाले, "ही तुमची शेतजमीन. पिकवा आणि खा."

जमीन होती, पाणी नव्हतं. पाणी पिपांत भरून लॉरीवर येई, आणि पिपांपुढे दोन्हीकडच्या बायका एकमेकींच्या झिंज्या धरत. त्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं चारणारे बेदुइन लोकही होते. त्यांना तर कुणी काही विचारलंच नव्हतं. त्यांचा एक म्हातारा येऊन एवढंच सांगून गेला, "आमच्या पणज्यांनीसुद्धा इथं पाणी शोधलं. ही जमीन मुकी आहे."

त्या माणसांत शूशान होती. आर्मेनियन, विधवा, हाडापेरानं मोठी, आणि बोलायला लागली की समोरच्यानं मागं सरकावं अशी. तिच्या घरचं कुणीच वाटेत वाचलं नव्हतं. सगळ्या छावण्यांमधून ती गेली, पण तिनं कुठंही तोनीर खोदलं नाही. तोनीर म्हणजे जमिनीत पुरलेली भट्टी. तिच्या आतल्या भिंतीला पातळ रोटी थापून भाजायची. बाकीच्या बायकांनी जिथं तंबू तिथं छोटी तोनीरं खोदली, सोडली, पुन्हा खोदली. शूशान मात्र पत्र्यावर रोटी भाजायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "जिथं मरायचं तिथंच तोनीर खोदायचं. मला इथं मरायचं नाही."

पेरलेला गहू उगवलाच नाही. पाऊस आला नाही. मग साहेब आले आणि म्हणाले, "ही जमीन निकामी आहे. चंद्र पूर्ण भरला की लॉऱ्या येतील. तुम्हाला दुसरीकडे जागा बघितली आहे."

"दुसरीकडे म्हणजे कुठं?" शूशाननं विचारलं.

"ते अजून ठरायचं आहे," साहेब म्हणाले.

असं म्हणतात, ते ऐकून शूशान खाली बसली आणि तिनं आपल्या पायांकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग उठली, शेजारणीच्या तंबूतली कुदळ उचलली आणि माळाच्या ऐन मधोमध पहिला घाव घातला.

"काय करतेस गं?" बायकांनी विचारलं.

"तोनीर खोदतेय. गावाचं."

"गाव कुठाय?"

"तोनीर झालं की होईल."

आता, तिच्या डोंगरातली एक रीत होती. घरचं तोनीर कसंही खोदा, पण गावाचं तोनीर माती गार लागेपर्यंत खोदायचं. अनवाणी टाच टेकवली की अंगावर शहारा यायला हवा. विस्तवाला अंथरूण गार हवं, तरच गाव टिकतं, अशी त्यांची समजूत. डोंगरात बर्फाची जमीन. तिथं कमरेएवढं खोदलं की शहारा यायचा. पण इथं रणरणता माळ. शूशान कमरेएवढं खणून थांबली, टाच टेकवली. माती कोमट. छातीएवढं खणलं. कोमट. डोकं दिसेनासं झालं, तरी कोमटच. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, मुलूख वेगळा, रीत सोडू. शूशाननं कुदळ सोडली नाही.

खड्ड्याच्या काठावर योनान नावाचा एक असिरियन म्हातारा रोज येऊन बसायचा. दात थोडे आणि जीभ मोठी. तो वाकून ओरडायचा, "अगं बाई, रोटी पाताळात भाजणार आहेस का? आमच्याकडं गुडघाभर खड्डा पुरतो!"

"म्हणूनच तुमची रोटी गुडघ्यासारखी लागते!" खालून आवाज यायचा.

सगळा माळ हसायचा. असं म्हणतात, असिरियन आणि आर्मेनियन पहिल्यांदा एकत्र हसले ते त्या खड्ड्याच्या काठावर.

पण खड्डा खोल गेला तशी माती वर येईना. शूशान खालून गरजली, "म्हाताऱ्या, फुकट दात काढत बसलायस, दोर तरी आण!"

योनान उठला. सरळ आपल्या तंबूपाशी गेला आणि तंबूचेच दोर सोडले. तंबू त्याच्या बायकोच्या अंगावर कोसळला. ती आतून शिव्या देत बाहेर आली, खड्डा बघितला, दोर बघितला आणि म्हणाली, "एवढ्यानं काय होतंय? शेजाऱ्याचाही सोड."

मग एकेक तंबू खाली आला. दोराला दोर जोडला. आर्मेनियन गाठ आणि असिरियन गाठ, कुठली घट्ट यावर भांडणंही झाली. माती वर यायला लागली. तंबूंच्या कापडाची झोळी झाली, खांबांचा रहाट झाला. लॉऱ्या यायच्या दिवशी त्या माळावर एकही तंबू उभा नव्हता.

आणि शूशान? ती खालीच. असं म्हणतात, ती इतकी खोल गेली की वरचं आभाळ तिला डोळ्यातल्या बुबुळाएवढं दिसायचं. जमिनीखाली मुळं कुजबुजताना तिनं ऐकली. मेलेल्यांची पावलं ऐकली, आणि ती सगळी पावलं एकाच दिशेनं, डोंगराकडून माळाकडे येत होती. तिनं पुन्हा एक घाव घातला आणि टाच टेकवली.

शहारा आला.

माती गार होती. नुसती गार नाही, ओली. बघता बघता घोट्याला पाणी लागलं, मग पोटरीला. शूशाननं ओंजळ भरून तोंडाला लावली, आणि असं म्हणतात की ती बाई, जी सगळ्या वाटेत एकदाही रडली नव्हती, ती तिथं हुंदके देऊन रडली. कारण चव ओळखीची होती. तिच्या डोंगरावरच्या बर्फाची. गाव जळल्यावर ते पाणीही तिथून निघालं होतं. ही माणसं वरून चालत आली, ते खालून चालत आलं.

रडणं सरलं आणि तिला राग आला. "मला विस्तव ठेवायचा होता गं!" ती ओरडली. "आता हे भिजलं!"

वर तोवर लॉऱ्या पोचल्या होत्या. साहेब उतरले आणि चहूकडे बघत राहिले. "तंबू कुठे आहेत? चला, चढा गाडीत. जागा ठरली आहे."

कुणी हललं नाही. बायकांनी दोर ओढला. चिखलानं माखलेली शूशान वर आली, तशीच चालत लॉरीपाशी गेली आणि लॉरीच्या फळीवर हात मारून म्हणाली, "साहेब, आधी हा खड्डा गाडीत चढवा. मग आम्ही चढतो."

साहेब म्हणाले, "बाई, हुकूम आहे."

"हुकूम माणसांचा आहे ना? गावाचा नाही. हे गाव आहे."

साहेबांनी शिपायांना खूण केली. तेवढ्यात पहिल्या लॉरीच्या तोंडातून फस्सकन वाफ निघाली. मग दुसरीच्या. रण तुडवत आलेल्या गाड्या तहानेनं फुटायला आल्या होत्या, आणि साहेबांनी आणलेली पिपं रिकामी होती. कारण या लोकांना इथून न्यायचंच आहे, मग पाणी कशाला आणायचं, असा त्यांचा हिशेब. ड्रायव्हर खाली मान घालून खड्ड्यापाशी आले. योनाननं बादली पुढे केली, पण हातातून सोडली नाही. म्हणाला, "पाणी परतीच्या वाटेपुरतं मिळेल. रिकाम्या गाडीला कमी लागतं."

गाड्या पाणी पिऊन रिकाम्या गेल्या. पुढं कितीदा तरी आल्या, असं म्हणतात, आणि दर वेळी शूशाननं तेच सांगितलं, आधी खड्डा चढवा. शेवटी यायच्या थांबल्या.

त्या पाण्यावर गहू उभा राहिला. बेदुइनांच्या मेंढरांना पहिलं पाणी, असा नियम शूशाननं घातला. "ते आपल्या आधीचे," ती म्हणाली, आणि ज्याला पटलं नाही त्याच्याकडे तिनं एकदाच बघितलं. तिनं स्वतःच्या दाराशी तोनीर खोदलं ते गुडघाभरच, योनानच्या मापाचं. त्यावरून तो मरेपर्यंत तिला चिडवत राहिला. ती केव्हा गेली, तिला कुठं पुरलं, ते नीट कुणाला ठाऊक नाही. आर्मेनियन सांगतात, ती आमची. असिरियन सांगतात, आमची. बेदुइन सांगतात, ती मेलीच नाही, अजून खाली खणतेय.

आजही त्या गावात कुणी घरदार सुटलेलं माणूस आलं, कुठल्याही युद्धातलं, कुठल्याही देवाचं, तर त्याला तंबू देत नाहीत. जमीन दाखवतात आणि कुदळ देतात. आणि गहू कापायच्या पहिल्या दिवशी सगळं गाव विहिरीभोवती जमतं. मातीच्या मडक्यात धगधगते निखारे घालून मडकं दोरानं खाली सोडतात, पार पाण्याला टेकेपर्यंत. शूशानला विस्तव ठेवायचा होता, तो तिला दाखवायचा. मग मडकं जपून वर ओढायचं आणि त्याच निखाऱ्यांवर गावातली सगळी तोनीरं पेटवायची.

एकदा शहरातून आलेल्या एका पाहुण्यानं काठावर उभं राहून विचारलं, "आणि निखारा खालीच विझला तर? अपशकुन समजता का?"

दोर शमीराम नावाच्या एका पोक्त बाईच्या हातात होता. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही.

"विझला तर परत पेटवून सोडायचा," ती म्हणाली. "आम्हाला कुठं जायची घाई आहे?"