गेणूनं वऱ्हाड मोजलं

सांगा बरं, भरवसा ठेवावा तरी कुणावर? माल आणून देणाऱ्यावर, की माल तयार करून देणाऱ्यावर?

चाळीस वर्षं मिरचीचा धंदा केला. शाळा चौथीपर्यंत. पाणी मारून जड केलेली पोती पाहिली, आणि उत्तम मिरचीचा भुसा करून देणारी यंत्रंही पाहिली. माझं उत्तर एकच. दोघांवरही ठेवू नका. दोघांच्या मध्ये एक पाटी लावा.

आमच्या शेवंताकाकूंच्या कांडपावर अशी पाटी होती. कांडप म्हणजे मिरची-मसाला कुटून देण्याची गिरणी. पाटीवर लिहिलं होतं: ‘तुम्ही आणायचं – मिरची कडक वाळलेली, देठ काढलेली, खडा नसलेली. आम्ही द्यायचं – मसाला बारीक चाळलेला, आणलेल्या वजनाइतका, घट तेवढी वजा.’ मिरची ओली निघाली तर चूक गिऱ्हाइकाची. मसाला जाड निघाला तर चूक काकूंची. भांडणाला जागाच नाही.

माझी पुतणी पुण्यात संगणकाचे प्रोग्राम लिहिते. ती म्हणाली, “काका, आमच्याकडेही प्रत्येक कामाच्या दाराशी अशीच पाटी असते. आत काय आलं ते आधी तपासायचं. बाहेर काय चाललंय ते सोडण्याआधी तपासायचं. चुकलं की तिथंच थांबायचं. त्याला आम्ही करार म्हणतो.”

मी म्हटलं, “बाई गं, करार उत्तम. पण तो पाळायला कोण बसवलाय?” आणि तिला गेणूची गोष्ट सांगितली. तीच तुम्हाला सांगतो.

चिंचदरा नावाच्या गावात गेणू नावाचा एक भोळा गडी राहायचा. अंगानं धट्टाकट्टा, मनानं स्वच्छ. सांगितलेलं काम टाळायचा नाही. दुखणं तेच होतं. वर्षभरात चार ठिकाणी कामाला लागला आणि चारही ठिकाणांहून हात जोडून घरी पाठवला गेला.

शेजारच्या कुसरवाडीत हैबतराव नावाचे गृहस्थ होते. त्यांची मुलगी सगुणा गेणूला पसंत होती, आणि कसं कोण जाणे, सगुणेलाही गेणू पसंत होता. हैबतरावांनी अट घातली. “होळीला कामाला लाग. अक्षय तृतीयेपर्यंत एका जागी टिकून दाखव. टिकलास तर मुलगी दिली. हाकलला गेलास तर या वाटेला फिरकायचं नाही.”

गेणूच्या आईनं शेवंताकाकूंचे पाय धरले. काकू म्हणाल्या, “येऊ दे. मिरचीचा हंगाम आहे, मला माणूस हवाच आहे.”

पहिल्या दिवशी काकूंनी त्याला दारात उभा केला. “हे बघ गेण्या, आत येईल ते तपासून घ्यायचं. ओलं असेल तर आत घ्यायचं नाही. कुणीही असो.”

“कुणीही असो,” गेणू म्हणाला.

पाटलांच्या सूनबाई न्हाऊन आल्या होत्या. गेणूनं केसांना हात लावून पाहिला. “ओलं आहे. आत येता येणार नाही.” मागून कासारमामा उन्हातून चालत आले. गेणूनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. “घामानं ओले आहात मामा. वाळून या.” दहा वाजेपर्यंत दाराबाहेर सतरा माणसं वाळत उभी होती. काकू नळावर हातपाय धुवून परत आल्या, तर गेणू दारात आडवा.

“बाजूला हो रे.”

“काकू, तुम्हीसुद्धा ओल्या आहात.”

काकूंनी कपाळावर हात मारला. तोही ओला होता. “अरे शहाण्या, माणसं नाही तपासायची! माणसानं आणलेली वस्तू तपासायची. उघडून, हात लावून बघायची. ओली असली तर सरळ उन्हात पसरायची.”

“वस्तू,” गेणू म्हणाला. “उघडायची. पसरायची.”

दुपारी कुल्फीवाला आला. पेटी दारात ठेवून म्हणाला, “गेणूदादा, एवढी पेटी बघा. समोर चहा पिऊन येतो.” गेणूनं पेटी बघितली. उघडून बघितली. हात लावून बघितला. मग चाळीसच्या चाळीस कुल्फ्या मिरचीशेजारच्या पासोडीवर ओळीनं पसरल्या.

कुल्फीवाला आला तेव्हा पासोडीवर चाळीस काड्या होत्या. चांगल्या कडक वाळलेल्या.

“माझ्या कुल्फ्या!”

“आता चालतील,” गेणू म्हणाला. “आणल्या तेव्हा फारच ओल्या होत्या.”

कुल्फीवाल्यानं आख्खी गल्ली डोक्यावर घेतली. काकूंनी त्याला दोन किलो मसाला देऊन शांत केलं आणि गेणूला समोर बसवलं. गेणूची आई दाराआडून पाहत होती. होळी होऊन आठवडाही झाला नव्हता.

“गेण्या, पेटीत चाळीस कुल्फ्या आल्या ना? मग चाळीसच जायला हव्यात!”

“काड्या चाळीसच आहेत काकू.”

“गप. ऐक. आत येताना जेवढं, बाहेर जाताना तेवढं. येताना काट्यावर वजन करायचं, वहीत लिहून ठेवायचं. जाताना पुन्हा करायचं. जुळल्याशिवाय दाराबाहेर काही सोडायचं नाही. मग पुढ्यात कोण का असेना!”

आता खरं सांगतो, यानंतर तीन आठवडे गेणूनं जे काम केलं तसं त्या कांडपावर कुणी केलं नव्हतं. पाच किलो मिरची आली की पाच लिहायचा. मसाला बाहेर निघाला की घट धरून तोळाभराचाही फरक सोडायचा नाही. बाया लांबलांबून यायला लागल्या. काकू खूश, आई खूश. कुसरवाडीला बातमी गेली.

हैबतराव स्वतः बघायला आले. काकूंनी आग्रह करून जेवायला थांबवलं. कैरीचं पन्हं, आमरस, पुऱ्या, वर तूपभात. होणाऱ्या जावयाचं चांगलं चाललेलं पाहून हैबतरावांना पाच पुऱ्या जास्त गेल्या.

येताना दारात गेणूनं त्यांना काट्यावर उभं केलं होतं. हैबतरावांना वाटलं, गंमत करतोय. जेवून ढेकर देत निघाले, तर गेणूनं पुन्हा काट्यावर उभं केलं.

“मामा, येताना एकाहत्तर होतात. आता सव्वाबहात्तर.”

“बरं मग?”

“सव्वा किलो जास्त घेऊन चाललात.”

“अरे, जेवलो ना मी!”

“ते ठीक आहे. पण सव्वा किलो आमचं आहे.”

“मग काय पोट कापून देऊ?”

“तसं नको,” गेणू समजुतीनं म्हणाला. “मागं बांध आहे. जाऊन या. मी थांबतो.”

हैबतरावांनी आधी आरडाओरडा केला. मग बसून राहिले. मग, काय सांगावं, खरंच बांधाकडं जाऊन आले. गेणूनं पुन्हा वजन केलं. अजून पाऊण किलो जास्त होतं. त्यांनी रागानं पागोटं काढून काट्याबाहेर फेकलं, जोडे फेकले, तेव्हा कुठं काटा एकाहत्तरवर आला.

“जुळलं,” गेणू म्हणाला. “आता जा.”

हैबतराव बोडक्या डोक्यानं, अनवाणी, भर उन्हात कुसरवाडीला गेले. गेणूनं पागोटं आणि जोडे वहीत लिहून ठेवले: ‘हैबतमामांचं जास्तीचं.’

घरी सगुणेनं विचारलं, “आबा, पागोटं कुठं?”

“तुझ्या होणाऱ्या नवऱ्यानं ठेवून घेतलं.”

सगुणा हसून हसून ओसरीवर बसली. “पण आबा, दुसऱ्या कुणी तुमच्यासारख्या माणसाला सोडून दिलं असतं. त्यानं नाही सोडलं.”

“म्हणजे हा गुण झाला होय गं?”

“झालाच की.”

इकडं काकू गेणूवर कडाडल्या. “असं काही जुळलं नाही, चुकलं, तर आपली अक्कल चालवायची नाही! जिथं चूक दिसेल तिथंच थांबायचं. मेन स्विच खाली करायचा, सगळं बंद. आणि ओरडून सांगायचं, चूक झाली म्हणून. पुढचं आम्ही बघू.”

“थांबायचं. बंद करायचं. ओरडायचं,” गेणू म्हणाला.

अक्षय तृतीया आठ दिवसांवर आली. काकूंनी मध्ये पडून हैबतरावांचा राग घालवला, पागोटं-जोडे परत दिले, आणि कांडपाच्या अंगणातच साखरपुडा ठरवला. मंडप घातला, पंखे लावले, भोंगा लावला. हैबतरावांनी हातात माईक घेतला. “मंडळी, आमची सगुणा वीस वर्षांची आहे, सातवीपासून घर सांभाळते…”

खट्. पंखे थांबले. भोंगा बंद. मेन स्विचजवळ गेणू उभा, बाशिंगासारखा ताठ.

“चूक झाली!” तो ओरडला. “थांबा सगळे!”

बाया घाबरून उठल्या. कुणीतरी म्हणालं, शॉर्टसर्किट. हैबतरावांच्या हातात माईक तसाच.

“काय चूक झाली?” काकूंनी दातओठ खात विचारलं.

“सगुणा गेल्या महिन्यात एकवीसची झाली.”

हैबतराव लालबुंद झाले. “लग्न मोडलं! ऐकलं का सगळ्यांनी? मोडलं!”

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून सगुणेचा आवाज आला. “आबा, एकवीसच झाली मला. तुम्हीच विसरलात.”

“तू गप गं!”

“गप काय? उद्या मला कुणी काही बोललं तर गावाचा मेन स्विच पाडणारा नवरा मिळतोय. मी मोडत नाही.”

हैबतराव घाम पुसत बसले. पंखा बंद होता ना.

असा गेणू टिकला. होळीपासून अक्षय तृतीयेपर्यंत, एका जागी. अट पुरी झाली. कुसरवाडीत लग्नाचा मंडप उभा राहिला. निघण्याआधी काकूंनी गेणूला बाजूला घेतलं. मागच्या वर्षी एका वऱ्हाडानं म्हातारी आत्या वाटेत रसवंतीवर विसरली होती. गावभर अजून बोलत होते.

“गेण्या, नवरदेव असलास तरी ही जबाबदारी तुझी. मोजून न्यायचं, मोजून आणायचं. जितकी माणसं जातील तितकीच परत आली पाहिजेत. यादी कर. जुळल्याशिवाय गाडी शिवेच्या आत आणायची नाही. कुणाला वाटेत टाकायचं नाही.”

“आणि तुम्ही?”

“मला कांडप बघायचंय. तुला उद्याची सुट्टी. जा, नीट लग्न करून ये.”

यादी झाली. स्वतःला धरून एकतीस. टेम्पोचा ड्रायव्हर धरायचा नाही, तो टेम्पोबरोबरचा. लग्न दणक्यात झालं. गेणूनं कुठंही काही बंद पाडलं नाही. हैबतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. “जावईबापू, पोरीला सांभाळा,” म्हणाले. सगळ्यांना वाटलं, लागला एकदाचा मार्गाला.

चार वाजता टेम्पो चिंचदऱ्याच्या शिवेवर आला. गेणू उठला, ड्रायव्हरच्या टपावर थाप मारली. “थांब. गाडी बंद कर.”

गाडी बंद झाली. गेणूनं एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजलं. पुन्हा मोजलं. मग ओरडला.

“चूक झाली! बत्तीस भरतायत!”

यादी काढली. एकेक नाव वाचलं. एकतीसच्या एकतीस हजर. यादीत नसलेलं एकच माणूस होतं, मुंडावळ्या बांधून त्याच्याच शेजारी बसलेलं.

“गेण्या, मेल्या,” आई म्हणाली, “ती तुझी बायको आहे!”

“असू दे आई. पण जाताना नव्हती.”

सगुणेनं पदराआडून हसू दाबलं. “मग काय, मला परत सोडून येता?”

गेणू विचारात पडला. “तसं कसं? मामांनी तुला सांभाळायला सांगितलंय.”

“मग आईंना उतरवा.”

“काकूंनी सांगितलंय, कुणाला वाटेत टाकायचं नाही.”

“मग बसा इथंच रात्रभर,” मागून एक मावशी करवादली. “पोरं भुकेली झालीत.”

“बत्तीसचे एकतीस करायचे,” सगुणा थट्टेनं म्हणाली, “तर कुणीतरी आपणहून उतरायला हवं, दुसरं काय.”

तिला काय ठाऊक, ती कुणाशी थट्टा करतेय. गेणूनं यादीवरून बोट फिरवलं. आईला घरी दिवा लावायचाय. कासारमामांना गुरांचं बघायचंय. मावशीला पोरांना जेवू घालायचंय. सगळ्यांना घरी काही ना काही काम होतं. बोट फिरत फिरत शेवटच्या नावावर आलं.

“मला काकूंनी आज सुट्टी दिलीय,” तो म्हणाला, आणि खाली उतरला.

खालूनच पुन्हा मोजलं. एकतीस.

“जुळलं. जाऊ दे गाडी.”

“अहो, थांबा!” सगुणा ओरडली. पण ड्रायव्हरला सकाळपासून एकच कळलं होतं, की गेणू ‘जुळलं’ म्हणाला की निघायचं. धुरळा उडाला. टेम्पो गावात शिरला. दारात ओवाळायला ताट घेऊन बाया उभ्या होत्या. नवरी उतरली, वऱ्हाड उतरलं, नवरदेवाचा पत्ता नाही.

नवरदेव तीन कोस चालत कुसरवाडीला पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. हैबतराव रिकाम्या मंडपात पोरीच्या आठवणीनं उदास बसले होते. दारात बाशिंग बांधलेला जावई पाहून ते उभे राहिले.

“जावईबापू! एकटेच? सगुणा कुठंय?”

“घरी पोचली मामा. मोजून पाठवली.”

“आणि तुम्ही?”

गेणूनं दारातला पाट ओढला, बसला आणि निवांत म्हणाला, “मी जास्तीचा निघालो.”

माझी पुतणी ही गोष्ट ऐकून किती तरी वेळ हसली. मग म्हणाली, “काका, आमचा संगणक म्हणजे तुमचा गेणूच हो. मोजणी त्याची बरोबर होती. पाटीच चुकीची लिहिली होती.”

तेव्हा मंडळी, एक विनंती आहे. आत काय आलं, बाहेर काय गेलं, याचा हिशेब खराखुरा ठेवा, तोळाभरही इकडचा तिकडं करू नका. आणि वहीच्या माथ्यावर अट लिहिण्याआधी क्षणभर थांबून विचार करा, की या हिशेबात नवरी धरली आहे का?