माकडाचा पितळी मुकुट

गोष्ट सांगा म्हणता आणि ऐकताना जांभया देता. बरं, ऐका. फार जुनी आहे.

नाटकात यंत्रराजा व्हायचं म्हणून माकड पितळी चाकं हुडकत होतं. कासवाच्या ओसरीवर घड्याळ बंद दिसलं. "मेलंय हे," म्हणत त्यानं आतली चाकं काढून मुकुटाला लावली.

प्रयोगात टाळ्या कडाडल्या. तेवढ्यात म्हातारं कासव पुढं आलं, हातात चावी.

"मेलं नव्हतं रे. मी आजारी, म्हणून चावी द्यायची राहिली. एकदा विचारायचंस तरी."

माकडाला मान वर करवेना. "चुकलो, आजोबा," म्हणत त्यानं मुकुट उतरवला. चाकं परत बसवली, पण घड्याळ काही चाललं नाही.

माकड निदान चुकलो म्हणालं. माझा रेडिओ फोडून नाटकाची टोपी सजवणारा यदू पेंटर अजून म्हणायचाय.