काजळीचं उन्हातलं घर

समुद्राकाठी एक इवलंसं घर होतं. घरात शेवंती आणि तिची आई. आई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला गेली, की मागे शेवंती, पिवळीधमक हळदी आणि काळीभोर काजळी, एवढीच माणसं उरायची. हो, मांजरींनासुद्धा शेवंती माणसंच म्हणायची.

दारासमोरून बर्फाचे टेंपो धडधडत जायचे, म्हणून मांजरींना बाहेर सोडायची सोय नव्हती. हळदी चुलीजवळ मजेत लोळायची. पण काजळी? ती बिचारी दिवसभर खिडकीत बसून परसातल्या उन्हाकडे बघत राहायची. आता तर तिनं खाणंही सोडलं होतं.

"रविवारी हिला मावशीकडे पोचवू गं," आई म्हणाली. "तिथं रस्ता नाही. इथं माझा जीव नुसता टांगणीला."

शेवंतीचे डोळे भरले. सकाळी ती जाळी विणणाऱ्या धाकूबाबांकडे गेली.

"बाबा, जुनं जाळं आहे का? परसात मांजरींना बसायला घर करते."

"ने की. गाठ तेवढी घट्ट मार, पोरी."

शेवंतीनं खिडकीला लागून बांबू रोवले आणि वरून जाळं ताणलं. शेजारची पदीकाकी कुंपणावरून हसली, "अगो बाई! जाळ्यात मासे धरतात, मांजरं नव्हे!"

शेवंतीही हसली. पण खिडकी उघडली मात्र, दोघी मांजरी जाळंच चावायला लागल्या! जुनं जाळं ते, बोंबलांच्या वासात मुरलेलं. कुरतड कुरतड, पडलं की हो भोक! शेवंतीनं दोघींना पटकन आत घेतलं, खिडकी लावली आणि भोक सांधायला बसली.

तेवढ्यात जाळ्यात काहीतरी निळं, चंदेरी लुकलुकलं. बोटाएवढी चिमुकली परी! तिचा नाजूक पंख गाठीत अडकला होता.

"हलू नकोस हं, फाटेल," शेवंती हळूच म्हणाली. गाठ काही सुटेना. मग तिनं सुरी आणली आणि ताणलेलं जाळं मधोमध कापलं.

"अगं, तुझं घर गेलं ना!" परी म्हणाली.

"जाळं पुन्हा शिवता येतं. पंख कुठे शिवता येतो?"

परी तिच्या तळहातावर बसली. गुलाबी, सोनेरी कण भुरभुरले. "एक इच्छा माग. पण नियम दोन आहेत. सांगशील तेवढंच होईल, विसरलीस ते होणार नाही. आणि इच्छेत नुसतं आपल्याच माणसांचं भलं असेल, तर ती सूर्य मावळताच विरून जाईल."

शेवंतीनं डोळे मिटले. "खिडकीला लागून मांजरींचं घर हवं. वरून झाकलेलं, नाहीतर काजळी चढून जाईल. खालीही फट नको. थोडं ऊन, थोडी सावली. पाण्याचं भांडं, बसायला उंच फळी. जाळी तारेची, बिनवासाची. आणि दाराला कडी बाहेरून."

"झालं?" परीनं छडी उचलली.

"थांब, थांब! जाळी अशी कर, की कुणा चिमणीचा, फुलपाखराचा पंख अडकणार नाही. तुझासुद्धा!"

परी गोड हसली. छडी फिरली. झुळझुळ चांदणं सांडलं, आणि परसात लख्ख तारांचं सुंदर घर उभं राहिलं! काजळीनं खिडकीतून एक पाय बाहेर टाकला. मग दुसरा. उन्हात पसरून तिनं लांबलचक आळस दिला, आणि मग उठून शेवंतीनं पुढे ठेवलेल्या ताटलीतला मासळीचा भात चाटूनपुसून खाल्ला.

पण शेवंतीचं लक्ष सूर्याकडे होतं. तो लाल झाला, पाण्याला टेकला, बुडाला. तिनं जाळीला हात लावला. घर होतं तिथंच होतं!

आई आली. बघतच राहिली. शेवंतीनं तिला सगळं सांगितलं. मग तिनं सगळे कोपरे दाबून पाहिले, कडी ओढून पाहिली.

"आई, मग रविवारी?"

"रविवारी मावशीलाच बोलावू. म्हणावं, आमच्या काजळीचं घर बघून जा!"

शेवंती आनंदानं परीकडे वळली. परी तारेवर उभी होती. तिनं पंख पसरले, मोरपंखी उजेड परसभर पसरला, आणि त्या उजेडातच ती हळूहळू मिसळून गेली.