टिल्ली बेडकी आणि फोटोंचं तहानलेलं गोदाम

एक होती बेडकी. एवढीशी. नाव टिल्ली.
एक दिवस ती झोपून उठली, तर तळ्यात पाणीच नाही! नुसता चिखल. पचक पचक!

"तळ्या तळ्या, भर ना. मी उन्हात!"
तळं म्हणालं, "कसं भरू? टेकडीवर फोटोंचं गोदाम आहे. तेच माझं पाणी पितं. गोदाम पाणी सोडेल, तर मी भरेन."

टुणटुण टुणुक! टिल्ली गेली टेकडीवर.
गोदाम घुरघुरत होतं. घुर्रर्र! घुर्रर्र!
"गोदामा गोदामा, पाणी सोड.
तळं भरेना, मी उन्हात!"
"कसं सोडू? फोन फोटो पाठवतो. रोज तोच गुलाब! तो ठेवायला रोज नवं विजेचं कपाट. कपाट तापतं, मग ते गार करायला मला पाणी प्यावं लागतं. फोन फोटो रोखेल, तर मी पाणी सोडेन."

टुणटुण टुणुक! टिल्ली गेली भालूकाकांच्या ओट्यावर. तिथे फोन होता. टिंग! टिंग!
"फोना फोना, फोटो रोख.
गोदाम पाणी सोडेना,
तळं भरेना, मी उन्हात!"
"मी काय करू? काका अंगठा दाबतात, गुलाब जातो. काका अंगठा आवरतील, तर मी फोटो रोखेन."

टिल्लीने वर पाहिलं.
"काका काका, अंगठा आवरा.
फोन फोटो रोखेना,
गोदाम पाणी सोडेना,
तळं भरेना, मी उन्हात!"
"छे छे! गुलाब नाही गेला, तर कुमुदमावशी रुसेल. ती रुसणार नसेल, तर मी अंगठा आवरेन."

कुमुदमावशी कुठे राहते? भिंतीपलीकडे! टुणटुण टुणुक!
"मावशी मावशी, रुसू नको.
काका अंगठा आवरेनात,
फोन फोटो रोखेना,
गोदाम पाणी सोडेना,
तळं भरेना, मी उन्हात!"
मावशी फणकारली, "रुसणारच! रोज गुलाब, रोज गुलाब! माणूस कुठाय? भालूभाऊ स्वतः येतील, तर नाही रुसणार."

टिल्लीला आला राग. गाल फुगले. टुण्ण! ती थेट काकांच्या फोनवर जाऊन बसली.
"डराँव!"
"अयाई गं! बेडूक!"
काकांनी फोन टाकला. काका उडाले. टुणटुण टुणुक! भिंत ओलांडली. धप्प! मावशीच्या अंगणात!

"अगोबाई! भालूभाऊ, तुम्ही?"
"हो... म्हणजे... शुभ सकाळ, कुमुदताई!"
"या, बसा. चहा टाकते."

मावशी रुसली नाही,
काकांनी अंगठा आवरला,
फोनने फोटो रोखला,
गोदामाने पाणी सोडलं,
तळं भरलं. खळखळ खळखळ!
आणि टिल्ली? डुबुक!

तळ्याला पाणी, टिल्लीला गाणी,
तुम्हांला आमची एवढीशी कहाणी.